वडाचा पाइन होऊ नये म्हणून

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘आकार’ एवढाच एक शब्द कळवला, तेव्हा कुंभार, मूर्तिकार, शिंपी ही मंडळी लगेच डोळ्यांसमोर आली. त्यांच्याकडे कुणी ना कुणी जाणारच होतं. मला असा कारागीर हवा होता, ज्याच्या हाताखालची वस्तू स्वतःच्या मर्जीने वाढत असते आणि दिलेला आकार दर पावसाळ्यात मोडून टाकते. म्हणून पुण्यात कोथरूडच्या एका गच्चीवर भरणाऱ्या बोन्सायच्या वर्गात जाऊन बसलो.

डोक्यावर हिरवी जाळी, कडेने लोखंडी मांडण्या, मांडण्यांवर उथळ कुंड्या. मधोमध एक लाकडी फिरतं टेबल आणि त्यावर हातभर उंचीचं, अस्ताव्यस्त सुटलेलं नांदरूक. भोवती शिकायला आलेली माणसं: बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई, दोघे आयटीतले, एक दंतवैद्य, हडपसरकडच्या नर्सरीत काम करणारा एक तरुण. समोर कातरी आणि तारेची वेटोळी मांडून ठेवलेली, पण त्यांना हात लावायला मनाई. आधी टेबल फिरवायचं आणि या झाडाची समोरची बाजू कुठली ते सांगायचं. नुसतं बोट दाखवून भागत नाही, कारणही द्यावं लागतं.

समोरची बाजू

पारावर बसणाऱ्याला वड सगळीकडून सारखाच. बोन्सायला मात्र एक समोरची बाजू असते आणि पुढची सगळी कापाकापी तिच्या हिशेबाने होते. मुळं कुठून सगळ्यांत रुंद पसरलेली दिसतात? खोडाची वळणं कुठून स्पष्ट दिसतात आणि कुठून एकामागे एक दडतात? जुनी कापलेली जागा कुठल्या बाजूने झाकली जाते? मुळांच्या पसाऱ्याला वर्गात ‘नेबारी’ म्हणतात, खोड-फांदी म्हणावं इतक्या सहजपणे. बघणाऱ्याच्या रोखाने सरळ येणारी फांदी समोर नको. शेंडा किंचित पुढे झुकलेला हवा, नाहीतर झाड पाठ टेकून बसल्यासारखं वाटतं.

बँकेतल्या बाईंनी जी बाजू निवडली तिथून पालवी फार सुरेख दिसत होती. दंतवैद्यांना उलटी बाजू पटली होती, कारण तिथून मुळांचा पंजा दिसत होता. मात्र तिथेच खोडावर रुपयाएवढा व्रण होता. शिकवणाऱ्या मॅडमनी कुणाला चूक म्हटलं नाही. या झाडातलं काय बदलता येईल आणि काय नाही, एवढंच त्यांनी विचारलं. पानं महिन्याभरात नवी येतात. फांदी दोन-चार वर्षांत हवी तिथे वाढवता येते. नांदरुकाचा व्रण कालांतराने भरून येतो. पण बुंध्याची जाडी, मुळांची ठेवण आणि खोडाचं पहिलं वळण सहजी बदलत नाही. म्हणून बघायची सुरुवात खालून करायची: मुळं, मग बुंधा, मग फांद्या, पानं सगळ्यांत शेवटी. नवशिक्याची नजर नेमकी उलट्या क्रमाने जाते. दंतवैद्यांची बाजू मंजूर झाली.

मग मोबाइलवर झाडाचा फोटो काढून तो काळा-पांढरा केला गेला. रंग गेले की हिरवाईची भूल उतरते आणि कुठे अंधार दाटलाय, कुठे भोक पडलंय ते दिसतं. प्रत्येकाने आपापल्या वहीत झाडाचं आजचं आणि पाच वर्षांनंतरचं चित्र काढलं. चित्रकला कुणाचीच धड नव्हती. तरी कातर त्यानंतरच हातात आली.

बोन्सायची निगा शिकवणारे आता बरेच आहेत. विटांचे चाळलेले तुकडे, कोकोपीट, गांडूळखत यांचं प्रमाण व्हॉट्सॲपवरही मिळतं. झाड जगवणं महिन्या-दोन महिन्यांत बऱ्यापैकी जमू लागतं. अडतं ते त्यानंतर. जगलेल्या झाडाचं करायचं काय, हे ठरवणारी नजर शिकवता येते का, याचंच मला कुतूहल होतं.

नियमांचं गाव

वर्गात जे नियम सांगितले जातात ते थोडक्यात असे. झाडाची उंची बुंध्याच्या जाडीच्या साधारण सहापट. पहिली मोठी फांदी उंचीच्या एक तृतीयांशावर. पुढची दुसऱ्या बाजूला, मग एक मागे, खोली दाखवण्यासाठी. फांदी खोडाच्या वळणाच्या बाहेरच्या अंगाला हवी, आतल्या नव्हे. कुंडीची लांबी झाडाच्या उंचीच्या दोन तृतीयांश, खोली बुंध्याच्या जाडीइतकी. शिवाय शैलींची जपानी नावं: सरळसोट वाढलेलं ते चोक्कान, वळणावळणाचं मोयोगी, कड्यावरून खाली ओघळणारं केंगाई, वाऱ्याने एका अंगाला झोडपलेलं फुकिनागाशी, आणि उंच, सडपातळ, शेंड्यापाशीच काय ती पालवी असलेलं बुंजिन.

बोन्सायचं मूळ चीनमधलं. पण आपल्या वर्गांत पोचलेली ही शिस्त जपानची. तिचं आजचं माहेर म्हणजे टोकियोच्या उत्तरेचं ओमिया. 1923 च्या कांतो भूकंपानंतर टोकियोतले बोन्सायवाले स्वच्छ हवापाण्याच्या आणि मोकळ्या जागेच्या शोधात तिकडे सरकले आणि 1925 मध्ये त्यांनी बोन्सायचं गाव वसवलं. तिथे राहायचं तर घरी निदान दहा बोन्साय हवीत, दार सगळ्यांना उघडं हवं, कुंपण जिवंत झुडपांचं हवं आणि घर दुमजली नको, अशा अटी होत्या. (आपल्या एखाद्या गृहनिर्माण संस्थेने यातली एक जरी अट घातली तरी प्रकरण उपनिबंधकांकडे जाईल.) आज त्याच ओमियात सार्वजनिक बोन्साय संग्रहालय आहे. टोकियोतल्या उएनोमध्ये कोकुफू-तेन हे प्रदर्शन 1934 पासून भरतं आणि तिथे झाड निवडलं जाणं हाच मोठा मान समजतात.

जपानमध्ये ही नजर शिकवायची पद्धत म्हणजे शिष्याने गुरूच्या बागेत राहणं. मासाहिको किमुरा पंधराव्या वर्षी ओमियातल्या मोतोसुके हामानो यांच्या बागेत दाखल झाले आणि अकरा वर्षं तिथे राबले. पाणी घालायला शिकण्यातच तीन वर्षं जातात, असं तिथे म्हणतात. पाणी घालताना रोज त्याच झाडांपुढे उभं राहावं लागतं, ही त्यातली मेख. पुढे याच किमुरांनी विजेवर चालणारी कोरण्याची यंत्रं बोन्सायमध्ये आणली, जुन्या ज्युनिपरची खोडं चिरून, वाकवून त्यांचे आकार मुळापासून पालटले आणि परंपरावाल्यांचा रोष ओढवून घेतला. नियम मोडण्याची ताकद त्या अकरा वर्षांनीच दिली, असं त्यांची झाडं बघताना वाटतं.

आपल्याकडे गुरूच्या घरी अकरा वर्षं राहायला कुणी मोकळं नाही. रविवारचे तीन तास हेच इथलं गुरुकुल. मग नियम पाठ करणं ओघानेच येतं, आणि घोटाळा तिथून सुरू होतो.

बर्फ न पाहिलेलं झाड

पहिली फांदी खाली झुकलेली का असावी? जपानच्या डोंगरातला पाइन वर्षानुवर्षं बर्फाचं ओझं वाहतो, त्याच्या फांद्या खाली उतरतात. म्हणून खाली झुकलेली फांदी हे तिथे म्हातारपणाचं चिन्ह. झाडाचा बाह्याकार साधारण त्रिकोणी का? सूचिपर्णी झाडं मुळात तशीच वाढतात. वाळलेल्या फांद्यांची पांढरी टोकं, म्हणजे जिन, आणि खोडावरचा सोललेला पांढरा पट्टा, म्हणजे शारी, यांना एवढी किंमत का? थंड, कोरड्या कड्यांवर ज्युनिपरचं मेलेलं लाकूड शतकानुशतकं कुजत नाही. अर्धं मेलेलं आणि अर्धं जिवंत झाड तिथे खरोखर उभं असतं. नियम हवेतून आलेले नाहीत. कुणीतरी डोंगरात हिंडून झाडं पाहिली, त्यातून ते निघाले.

पण नांदरुकाने बर्फ पाहिलेला नाही. संगमनेर तालुक्यातल्या पेमगिरीचा वड पाहा. जुना वड त्रिकोणी होत नाही, तो आडवा पसरतो. फांद्या खाली उतरत नाहीत. जमिनीला समांतर लांबच लांब जातात, कारण त्यांना खालून पारंब्यांचा आधार मिळतो. कोलकात्याजवळच्या हावडा इथल्या वनस्पती उद्यानातल्या प्रसिद्ध वडाचा मूळ बुंधा बुरशीने पोखरला म्हणून 1925 मध्ये काढून टाकावा लागला, तरी झाड पारंब्यांवर पसरतच राहिलं. शेंडा एकच हवा आणि तो बुंध्याच्या वर हवा, हा नियम त्या झाडाला कुणी सांगणार कसा? त्याला शेंडा नाही आणि आता बुंधाही नाही.

आपल्या प्रदर्शनांत मात्र दर तिसरं नांदरूक पाइनच्या वेषात उभं असतं. फांद्या तारेने खाली ओढलेल्या, पालवीचे ढग एकावर एक रचलेले, वर टोकदार शेंडा. काही इतकी सफाईने केलेली असतात की दाद द्यावीच लागते. तैवानच्या आणि इंडोनेशियाच्या बोन्सायवाल्यांनी फायकसमध्ये, म्हणजे वड-नांदरुकाच्या जातकुळीत, अशी थक्क करणारी कामं केली आहेत. तरीही माझं मत असं की ती पाइनची उत्तम नक्कल असते. वडाबद्दल ती काही सांगत नाही. जिन-शारीचं तर विचारूच नका. आपल्या पावसात फायकसचं उघडं लाकूड कुजतं, आणि एरवीही हे झाड जखम कडेने भरून काढायला बघतं. वडाचं म्हातारपण पांढऱ्या लाकडात दिसत नाही. ते दिसतं एकमेकांत मिसळून भिंतीसारख्या झालेल्या पारंब्यांत, बुंध्यातल्या ढोलीत आणि जमिनीवर सापासारख्या पळणाऱ्या मुळांत.

मॅडम हे जाणून आहेत. त्यांच्या वर्गातल्या मुरलेल्या विद्यार्थ्यांना त्या गच्चीवर कमी आणि बाहेर जास्त नेतात. नगरकडच्या माळावरचा हिवर आधी बघायचा. सपाट, छत्रीसारखा माथा आणि खाली मोकळी हवा. मग महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारांच्या कडेची जांभळं आणि अंजनी. पातळ माती, कातळ आणि पावसाळी वारा यांनी त्यांना कंबरेएवढं ठेवलेलं असतं, अंगावर दगडफुलाची आणि शेवाळाची पुटं. ज्याला फुकिनागाशी करायचंय त्याने जपानी छायाचित्रांआधी कोकणातल्या सड्यांवर समुद्राकडे पाठ करून वाढलेली झुडपं पाहावीत. तिथे एक गोष्ट लक्षात येते, जी चित्रांत बहुधा चुकते: वाऱ्याकडच्या बाजूच्या फांद्या नाहीशा होत नाहीत. त्या आखडतात, वळतात आणि वाऱ्याबरोबर मागे जातात.

ही वाट नवी नाही. जॉन नाका यांचं ‘गोशिन’ हे जगातल्या सर्वांत प्रसिद्ध बोन्सायपैकी एक. अकरा ज्युनिपरचं हे वन, प्रत्येक नातवंडाचं एक झाड. जपानमधल्या एका मंदिराजवळचं ‘सुगी’ या सूचिपर्णी झाडांचं रान पाहून नाकांना ते सुचलं. नाका जन्मले कोलोरॅडोत, वाढले जपानात आणि काम केलं कॅलिफोर्नियात. नियम शिकवणारी त्यांची इंग्रजी पुस्तकं 1973 आणि 1982 मध्ये आली आणि त्यांवर पिढ्या घडल्या. पण खुद्द त्यांचं मोठं काम नियमांतून उगवलं नाही, ते पाहिलेल्या रानातून उगवलं. युरोपात वॉल्टर पाल हे निसर्गात दिसणारं झाडच कुंडीत आणायचा आग्रह गेली अनेक वर्षं धरून आहेत.

पारंबी लावायची कशी

आता थोडं हाताचं काम. वडासारखं दिसणारं झाड करायचं, तर वड कशाला टाळायचा? कारण पान. वडाचं पान वीतभर. पानं खुडून, उन्हात ठेवून ती लहान करता येतात, पण फूटभर झाडाला शोभावीत इतकी नाहीत. त्यामुळे खरा वड घ्यायचा तर झाड दोन-अडीच फुटांचं करावं लागतं आणि कुंडी हलवायला दोन माणसं लागतात. नांदरुकाचं पान मुळातच लहान, छाटणीने अजून आवरतं. म्हणून वर्गांमध्ये वडाची भूमिका बहुतेक वेळा नांदरूकच करतं.

पारंब्या कुंडीतल्या झाडाला आपोआप फारशा फुटत नाहीत; त्यांना दमट हवा लागते. पावसाळ्यात फांदीच्या खालच्या अंगाला बारीक मुळं डोकावू लागली की त्यातलं हवं ते निवडायचं आणि प्लॅस्टिकच्या स्ट्रॉमध्ये ओलं शेवाळ भरून त्यातून ते खाली उतरवायचं. मातीत पोचलं की ते भराभर जाड होतं. इथे पुन्हा नजरेचा प्रश्न येतो: किती पारंब्या ठेवायच्या? हौशी माणूस सगळ्या ठेवतो आणि झाडाला पडदा लागतो. बुंधा दिसेनासा होतो. मॅडमनी एका विद्यार्थ्याच्या झाडाच्या नऊ पारंब्यांतल्या सहा कापायला सांगितल्या. त्याने दोन वर्षं जोपासल्या होत्या. त्याचा चेहरा बघवत नव्हता, पण झाड खरोखर मोकळं झालं.

तारेचं तंत्र हाताला लवकर येतं. तार फांदीच्या साधारण एक तृतीयांश जाडीची, वेढे पंचेचाळीस अंशांत, एकाच तारेने दोन फांद्या बांधायच्या म्हणजे दोन्हीकडे पकड राहते. आपल्याकडे ॲल्युमिनियम चालतं. पाइनवाले तापवून मऊ केलेलं तांबं वापरतात. फरक काळाचा आहे. जपानी पाइनवर तार महिनोन्‌महिने राहू शकते. पुण्याच्या जुलैत नांदरूक इतक्या जोरात फुगतं की काही आठवड्यांत तार सालीत रुतते आणि त्या मळसूत्री खुणा पुढे कित्येक वर्षं जात नाहीत. त्यामुळे इथल्या झाडांना चीनच्या ग्वांगझू भागातली लिंगनान पद्धत अधिक मानवते, असं मला दिसलं. तार जवळजवळ नाहीच. कोंब हवा तेवढा जाड होईपर्यंत मोकाट वाढू द्यायचा, मग आखूड कापायचा. डोळा ज्या दिशेला असेल तिकडे नवा कोंब फुटतो, तोही वाढवून कापायचा. प्रत्येक कापाला फांदी थोडी वळते, थोडी बारीक होते. खऱ्या झाडाच्या फांद्या वादळाने, गुरांनी, वठण्याने अशाच तुटत-फुटत गेलेल्या असतात. चीक गळतो, हात चिकट होतात, आणि वाट पाहण्याला पर्याय नसतो. नर्सरीतल्या त्या तरुणाला ही पद्धत मुळीच पसंत नव्हती. गिऱ्हाइकाला दिवाळीच्या आत झाड हवं असतं, असं त्याचं म्हणणं. त्यात खोटं काही नाही.

भिंतीतून निघालेली

जपानमध्ये डोंगरातून आणलेल्या झाडाला मोठी किंमत असते. त्याच्या अंगावर कुणी न शिकवलेली वळणं असतात. आता तिथेही असं उपटणं परवानगीशिवाय चालत नाही, आणि आपल्या जंगलातून तर झाड आणूच नये. पण आपल्या शहरांत एक वेगळाच खजिना आहे. जुन्या वाड्याच्या भिंती, पुलांचे दगडी खांब, इमारतींचे पन्हाळे. पक्ष्यांनी टाकलेल्या बियांतून तिथे पिंपळ, उंबर, नांदरूक उगवतात आणि मूठभर चुन्यात वीस-वीस वर्षं तग धरतात. वाडा पाडायला निघाला की ती झाडं राडारोड्यात जाणार हे ठरलेलं. पुण्या-मुंबईतले जाणते बोन्सायवाले ठेकेदारांशी ओळख ठेवतात आणि भिंत उतरवण्याआधी पहार घेऊन पोचतात.

गच्चीवर असं एक उंबर होतं. भिंतीच्या फटीत वाढल्यामुळे त्याची मुळं दोन विटांमधल्या जागेएवढी चपटी झाली होती, पोळीसारखी. नियमाप्रमाणे नेबारी चहूबाजूंनी पसरलेली हवी. हे झाड त्या परीक्षेत सपशेल नापास. मॅडमनी ते एका उभ्या दगडाला लावून ठेवलंय, चपटी मुळं दगडावर पसरून. वर्गातलं सगळ्यांत सुंदर झाड माझ्या मते तेच होतं.

दोन आक्षेप आणि एक कुंडी

बोन्साय म्हणजे झाडाचा छळ, असं म्हणणारे घरोघरी भेटतात. वास्तुशास्त्रवाले म्हणतात, घरात ठेवलं तर घराची वाढ खुंटते. दुसऱ्याला उत्तर द्यायची गरज मला वाटत नाही. पहिल्याला आहे. उपाशी ठेवलेलं झाड बोन्साय होत नाही, मरतं. कुंडीतल्या झाडाला खत-पाणी वेळच्या वेळी लागतं आणि मुळं छाटून माती बदलावी लागते. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात एक पाइन आहे, 1625 पासून कुंडीत घडवलेला. 1945 मध्ये तो हिरोशिमातल्या यामाकी कुटुंबाच्या बागेत होता, बॉम्बमधून वाचला आणि 1976 मध्ये जपानने अमेरिकेला दिलेल्या भेटीत गेला. छळ केलेलं झाड चारशे वर्षं जगत नाही. मात्र निष्काळजीपणाने आवळलेल्या तारा आणि दर रविवारी नवा छंद धरणारी माणसं यांच्यामुळे पुष्कळ झाडं मरतात, तेवढ्यापुरता आक्षेप मान्य.

एका प्रदर्शनात फिरताना कुंड्यांनीच जास्त त्रास दिला. चकचकीत निळ्या, नक्षीदार, झाडापेक्षा मोठ्याने बोलणाऱ्या. काहींत रंगीत खडे, छोटा पूल, प्लॅस्टिकचा बुद्ध. जपानमध्ये सूचिपर्णींना बहुधा बिनचकाकीची मातकट कुंडी देतात, फुला-फळांच्या झाडांना झिलईची. मूळ विचार इतकाच की कुंडीने जमीन व्हावं. शिवाय झाडाभोवती मोकळी जागा सोडतात, आणि पालवीच्या आतही. फांद्यांमधून पाखरू आरपार जाईल एवढी फट हवी, असं मॅडम वर्गात सांगतात. आपल्या प्रदर्शनांत टेबलावर कुंडीला कुंडी भिडलेली असते. संयोजकांनी यंदा निम्मी झाडं घरी ठेवायला सांगावीत आणि उरलेल्यांच्या मागे साधं पांढरं कापड लावावं. एवढं केलं तरी पुष्कळ दिसेल.

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा थंडी सुरू होत असेल. नांदरुकाला मोठी छाटणी आणि माती बदलणं थंडीत सोसत नाही. तो उद्योग फेब्रुवारीअखेर, नवी पालवी फुटू लागली की करायचा. शिकायचं मनात असेल तर तोवर कातर घेऊ नका. एक कोरी वही घ्या आणि आपल्या रस्त्यावरचा जुना वड, माळावरचा हिवर, फेब्रुवारीत निष्पर्ण होणारा पांगारा आणि सावर यांच्यापुढे उभे राहून त्यांच्या फांद्या काढा. रस्तारुंदीच्या खुणा ज्या वडांवर पडल्या आहेत, त्यांच्यापासून सुरुवात करा.